तीन, पाच की पंधरा? प्रोग्रामिंग समूहांच्या संयोजकांना खुले पत्र

प्रति,
पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर, कोल्हापूर आणि गोव्यात प्रोग्रामिंग भाषांच्या नावाने सभा भरवणाऱ्या समूहांचे सर्व संयोजक

सप्रेम नमस्कार.

मी गेली एकवीस वर्षे प्रोग्रामिंग करून पोट भरतो आहे. सुरुवात पर्लने झाली, मधली बरीच वर्षे रुबीत गेली आणि आता माझा बहुतेक दिवस पायथन आणि रस्ट या दोन भाषांत जातो. तुमच्यापैकी अनेकांच्या सभांना मी आलो आहे, काही सभांत बोललोही आहे. आठवडाभर ऑफिस करून शनिवारची सकाळ देणे, सभागृहासाठी ओळखीच्या ठिकाणी शब्द टाकणे, वक्ता ऐनवेळी आला नाही तर स्वतः उभे राहणे, हे सारे तुम्ही कोणत्याही मोबदल्याशिवाय करता आणि त्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. त्या आदरापोटीच एक गोष्ट उघडपणे मांडतो: आपल्या सभांमध्ये दुसऱ्या भाषेच्या लोकांविषयी जी तुच्छता रुळली आहे, तिने आपलेच नुकसान होते आहे, आणि ते थांबवणे बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका सभेला तालुक्याच्या गावाहून एक विद्यार्थिनी आली होती. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होती. गावच्या सार्वजनिक वाचनालयासाठी तिने पायथनमध्ये एक प्रोग्राम लिहिला होता. पुस्तकांच्या नोंदी ठेवायच्या आणि प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर चिकटवायची चिठ्ठी छापायची, एवढे त्याचे काम. चिठ्ठीवर जागा थोडी असल्यामुळे लांब नावे ठरावीक अक्षरांवर तोडायची होती आणि तिथेच घोळ होत होता. तिने पडद्यावर उदाहरण दाखवले. ‘मराठी’ या शब्दाची लांबी पायथनला विचारली तर तो पाच सांगतो, आणि पहिली चार द्या म्हटले तर ‘मराठ’ हाती येते; शेवटची वेलांटी गळून जाते. छापलेल्या चिठ्ठ्यांचे एक पान तिने सोबत आणले होते. त्यावर ग्रंथपाल बाईंनी गळालेले काने आणि वेलांट्या निळ्या पेनाने एकेक करून हाताने भरल्या होत्या.

तिचा प्रश्न पुरता संपण्याआधीच मागच्या रांगेतून एकजण म्हणाला, ‘म्हणून तर सांगतो, पायथन सोड. स्विफ्टमध्ये बरोबर तीन येतात.’ त्यावर पुढच्या रांगेतून उत्तर आले, ‘आणि रस्टमध्ये पंधरा येतात, त्याचे काय?’ मग हशा, मग टोमणे, मग कोणती भाषा कोणत्या वर्षी मरणार यावर पैजा. ही चकमक निदान वीस मिनिटे चालली. ती मुलगी हातात ते पान धरून पडद्याशेजारी उभी होती. काही वेळाने जागेवर जाऊन बसली. आभारप्रदर्शनात तिच्या सादरीकरणाचा उल्लेख झाला, पण तिच्या प्रश्नाला उत्तर मिळाले नव्हते.

वास्तविक तिन्ही आकडे बरोबर आहेत. शाळेतल्या मुलाला विचारा, ‘मराठी’ या शब्दात किती अक्षरे? तो म, रा, ठी अशी तीन मोजेल, आणि स्विफ्ट तेच मोजते. युनिकोड म्हणजे सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारी सामायिक पद्धत; तिच्या तक्त्यात मात्र म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी यांना स्वतंत्र क्रमांक आहेत. पायथन ते क्रमांक मोजतो, म्हणून पाच. आणि देवनागरीचा असा प्रत्येक क्रमांक यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीने ठेवायला तीन बाइट, म्हणजे मेमरीतील जागेची तीन एकके, लागतात. रस्टची लांबी बाइटांत असते, म्हणून पंधरा. एका भाषेच्या रचनाकारांना वाचणाऱ्याचा डोळा महत्त्वाचा वाटला, दुसऱ्यांना तक्त्यातील नोंद, तिसऱ्यांना मेमरीतील जागा. या तीन निवडींमागची कारणे समजून घेतली असती तर त्या सकाळी सभागृहातले सगळेच काही तरी शिकून गेले असते, कारण मराठी मजकुरावर काम करणाऱ्या कोणालाही आज ना उद्या या तिन्ही मोजण्या लागतातच.

सभा संपल्यावर जिन्यात मी तिला गाठले. पायथनसाठी ‘रेजेक्स’ नावाचे एक बाहेरचे मॉड्यूल मिळते. त्यात बॅकस्लॅश आणि त्यापुढे कॅपिटल एक्स अशी एक खूण आहे, जी काना, मात्रा, वेलांटीसह पूर्ण अक्षर उचलते. तिने तिथेच पायरीवर बसून लॅपटॉप उघडला, दोन ओळी बदलल्या आणि ‘मराठी’ची लांबी तीन आली. ही खूण मला ठाऊक होती, कारण ती मी पर्लमध्ये शिकलो होतो. पर्लवाल्यांनी ती आधी रुळवली आणि बाकीच्यांनी तिथून घेतली. ज्या भाषेचे नाव काढले की आपल्या सभांमध्ये हमखास हसू येते, त्या भाषेच्या कपाटातून त्या वाचनालयाचे उत्तर निघाले. ती मुलगी घरी जाण्याआधी मी जिन्यात तिला भेटलो, हा निव्वळ योगायोग होता.

पर्लचे देणे एवढ्यावर संपत नाही. १९९७ साली केंब्रिज विद्यापीठात फिलिप हेझेल यांनी पर्लच्या धर्तीवर मजकूर शोधणारी पीसीआरई ही लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामांत वापरायचा तयार कोड, लिहिली, आणि पीएचपी या भाषेपासून एन्जिनएक्स या वेब सर्व्हरपर्यंत असंख्य ठिकाणी ती जाऊन बसली. पायथनच्या अधिकृत दस्तऐवजात मजकूर शोधण्याचेच काम करणाऱ्या ‘री’ मॉड्यूलची ओळख करून देताना पहिल्याच वाक्यात पर्लशी असलेले साम्य नोंदलेले आहे. पर्ल आणि पायथन यांच्यात त्या काळी कडवी स्पर्धा होती, तरीही पायथनच्या लोकांना ते नाव पहिल्या वाक्यात लिहिताना संकोच वाटला नाही.

दारे बंद ठेवली की काय होते, हे मराठी माणसाला मी सांगायला नको. ज्यांनी नव्वदच्या दशकात संगणकावर मराठी टाइप केले त्यांना आठवत असेल की प्रत्येक फॉन्ट बनवणाऱ्याची आपली वेगळी सांकेतिक रचना होती. एका फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक कचरा दिसे. भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये इस्की ही सामायिक सांकेतिक पद्धत प्रमाणित केली होती, आणि युनिकोडने आपल्या देवनागरीच्या तक्त्याचा क्रम मुळात इस्कीवरूनच घेतला; म्हणजे सामायिक वाट उपलब्ध होती. पण आपला ग्राहक आपल्याच फॉन्टला बांधलेला राहावा ही इच्छा प्रबळ ठरली आणि त्याची किंमत मराठीने मोजली. त्या काळातील कितीतरी मजकूर आजही रूपांतरक चालवल्याशिवाय वाचता येत नाही. स्पर्धा तेव्हाही होती आणि तीत हुशार माणसेही होती. उणीव होती ती आपली आतली रचना शेजाऱ्याला दाखवण्याच्या तयारीची.

याच्या उलट आणि तरीही याच जातीची एक गोष्ट कम्पायलरच्या, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनांच्या, जगात घडली, आणि ती थोडी सविस्तर सांगणे आवश्यक वाटते. १९९७ मध्ये जीसीसी या मुक्त कम्पायलरचा विकास संथ आणि मोजक्या हातांपुरता झाला होता, तेव्हा काही प्रोग्रामर मंडळींनी त्याची वेगळी शाखा काढली. तिचे नाव ईजीसीएस. ही शाखा अधिक खुली होती, बाहेरच्यांचे बदल लवकर स्वीकारत होती आणि थोड्याच काळात मूळ प्रकल्पाच्या पुढे गेली. मूळ प्रकल्प ज्यांच्या छत्राखाली होता त्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने १९९९ च्या एप्रिलमध्ये या प्रतिस्पर्धी शाखेलाच अधिकृत जीसीसी म्हणून मान्यता दिली. आपल्याविरुद्ध उभ्या राहिलेल्यांच्या हाती घराच्या किल्ल्या देणे सोपे नसते. ते त्यांनी केले, आणि त्यामुळे जीसीसी जगले.

पण त्याच घरात पुढे एक दार बंद राहिले. जीसीसीचे आतले भाग सुटे करून दिले तर मालकी हक्काची सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्या ते वापरतील आणि परत काही देणार नाहीत, अशी जीसीसीचे मूळ जनक आणि फाउंडेशनचे संस्थापक रिचर्ड स्टॉलमन यांना भीती होती. ती भीती पोकळ नव्हती, हे मी मुद्दाम नोंदवतो. तथापि तिचा परिणाम असा झाला की जीसीसीच्या पोटात शिरून नवे साधन बनवणे बाहेरच्या माणसाला अवघड झाले. दरम्यान इलिनॉय विद्यापीठात क्रिस लॅटनर आणि विक्रम आडवे यांनी २००० साली एलएलव्हीएम हा कम्पायलर उभारण्याचा संच सुरू केला होता, ज्याची रचनाच सुट्या भागांची होती. २००५ मध्ये लॅटनर यांनी एलएलव्हीएम जीसीसीमध्ये मिळवण्याचा आणि त्याचे स्वामित्वहक्क फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनला देण्याचा लेखी प्रस्ताव ठेवला. तो तडीस गेला नाही. जवळपास दहा वर्षांनी, २०१५ मध्ये, स्टॉलमन यांनी लिहिले की असा प्रस्ताव आला होता हे पाहून आपण थक्क झालो आहोत.

दहा वर्षे! एवढा मोठा प्रस्ताव ज्याच्यापर्यंत पोहोचायला हवा त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही, हे मला तो तडीस न जाण्यापेक्षा अधिक बोलके वाटते. आपल्या वर्तुळाबाहेरून आलेले पत्र आपण वाचतो का, कोण वाचतो, वाचले तर पुढे कोणाला सांगतो, हे प्रश्न आपल्या लहानशा समूहांनाही लागू आहेत. नंतर एलएलव्हीएमच्या पायावर क्लँग हा सी आणि सी++ भाषांचा कम्पायलर उभा राहिला, स्विफ्ट आणि ज्युलिया या भाषा उभ्या राहिल्या, रस्टही उभी राहिली. क्लँग चुकलेली जागा नेमकी दाखवणारे सुबक संदेश देऊ लागल्यावर जीसीसीनेही आपले संदेश सुधारले. २०१३ च्या ४.८ आवृत्तीत चुकीच्या जागेखाली बाणाची खूण आली, आणि मेमरीतील चुका पकडणारे अ‍ॅड्रेस सॅनिटायझर हे साधनही त्याच आवृत्तीत आले, जे आधी एलएलव्हीएमच्या बाजूने तयार झाले होते. म्हणजे स्पर्धेने दोघांचेही भले केले. मी स्पर्धेच्या विरोधात नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

ऋण मान्य करण्याच्या बाबतीत मला रस्टचे वागणे अनुकरणीय वाटते, आणि हे मी त्या भाषेत काम करतो म्हणून म्हणत नाही. तिच्या अधिकृत संदर्भपुस्तिकेत प्रभावांची यादी देणारे एक परिशिष्टच आहे: कोणती कल्पना ओकॅमलमधून, कोणती सी++मधून, कोणती हॅस्केल, एर्लँग, स्कीम किंवा रुबीमधून घेतली, हे तिथे नावानिशी लिहिले आहे. सी++ ही तर रस्टची थेट प्रतिस्पर्धी मानली जाते, तरी ती यादीत वरच्या बाजूला आहे. २०१६ मध्ये रस्टने आपल्या कम्पायलरच्या संदेशांची नव्याने मांडणी केली तेव्हा एल्म या तुलनेने फार लहान भाषेकडून प्रेरणा घेतल्याचे त्यांनी उघडपणे सांगितले. प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्ररी आणून जोडणारी रस्टची कार्गो ही व्यवस्था ज्यांनी सुरुवातीला लिहिली ते येहुदा कॅट्झ आणि कार्ल लर्श, रुबीच्या बंडलर या तशाच साधनावर काम केलेले. लायब्ररींच्या नेमक्या आवृत्त्या एका फाइलीत (लॉकफाइलमध्ये) गोठवून ठेवण्याची बंडलरची रीत कार्गोत आली, यार्न या साधनामार्फत जावास्क्रिप्टमध्ये गेली आणि २०१७ मध्ये जावास्क्रिप्टच्याच एनपीएम या साधनानेही ती स्वीकारली. आज जावास्क्रिप्ट लिहिणारा कोणीही रुबीची टिंगल करतो तेव्हा त्याच्या फोल्डरमधील लॉकफाइलमागे रुबीवाल्यांचे डोके आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ते सांगण्याची जागा म्हणजे आपल्या सभा.

मतभेद खरे असतात आणि ते बोलले गेलेच पाहिजेत. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नेलमध्ये, म्हणजे गाभ्यात, २०२२ च्या डिसेंबरात आलेल्या ६.१ आवृत्तीपासून रस्टला प्रवेश मिळाला आणि तेव्हापासून तिथे वाद चालू आहेत. सी भाषेत लिहिणाऱ्या मेंटेनर, म्हणजे कोडचा एकेक भाग सांभाळणाऱ्या, मंडळींचा आक्षेप असा की उद्या मी माझ्या सी कोडचा इंटरफेस बदलला आणि त्यावर अवलंबून असलेला रस्टचा कोड मोडला, तर तो दुरुस्त करायचा कोणी? मला न येणाऱ्या भाषेचे ओझे माझ्यावर का? हा आक्षेप गंभीर आहे. तीस वर्षे एखादे उपांग सांभाळणाऱ्या माणसाने तो घ्यायलाच हवा. दुसऱ्या बाजूचे म्हणणेही तितकेच वजनदार आहे, कारण मेमरीच्या हाताळणीतील चुकांमुळे पडणाऱ्या सुरक्षेच्या भगदाडांचा एक मोठा वर्ग रस्टमध्ये कम्पायलरच अडवतो. असा समसमान वाद असताना २०२४ मध्ये रस्टच्या बाजूने काम करणाऱ्या एका मेंटेनरने तांत्रिक नसलेल्या कटकटींना कंटाळून काम सोडले. मुद्द्यावर हरून माणूस गेला असता तर एक वेळ समजता आले असते. वागणुकीने थकून तो गेला, हे त्या प्रकल्पाचे नुकसान आहे.

आपल्याकडे शास्त्रार्थाची एक जुनी शिस्त आहे. प्रतिपक्षाचे खंडन करण्यापूर्वी त्याचा पूर्वपक्ष मांडायचा, आणि तो इतक्या प्रामाणिकपणे मांडायचा की समोरच्याने मान डोलावून ‘हो, माझे म्हणणे हेच’ असे म्हणावे. पूर्वपक्षच चुकीचा मांडला तर पुढचे खंडन कितीही चमकदार असो, ते मोजले जात नाही. माझी तुम्हाला पहिली विनंती हीच आहे की आपल्या सभेत कोणी दुसऱ्या भाषेवर टीका करणार असेल तर त्याला आधी पाच मिनिटे त्या भाषेचा पूर्वपक्ष मांडायला लावा, आणि शक्य असेल तर तो ऐकायला त्या भाषेत रोज काम करणारा माणूस समोर बसवा. याने टीका बोथट होईल अशी शंका काही मित्रांनी माझ्याशी बोलताना घेतली. माझा अनुभव उलट आहे: रुबीच्या वेगाविषयी मी ऐकलेली सर्वांत नेमकी आणि झोंबणारी टीका रुबीत बारा वर्षे काढलेल्या माणसाची होती.

दुसरी विनंती वर्षातून निदान दोन सभांपुरती आहे. त्या सभा प्रतिस्पर्धी समूहाच्या हाती द्या. विषय त्यांचा, वक्ते त्यांचे, प्रश्न विचारणारे तुमचे. गावे मोठी असोत वा लहान, श्रोते थोडेच असतात, आणि एकाच शनिवारी दोन ठिकाणी वीस-वीस माणसे बसण्यापेक्षा चाळीस माणसांनी एकत्र बसावे यात व्यवहारही आहे. विषयांची वाण पडणार नाही. व्हिम आणि ईमॅक्स या कोड लिहिण्याच्या दोन संपादकांतील वाद आपल्यापैकी अनेकांच्या जन्माआधीचा आहे, पण आज निओव्हिम (व्हिमची नवी शाखा) आणि ईमॅक्स हे दोन्ही संपादक कोड समजून घेण्यासाठी एकच लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल वापरतात, जो २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या संपादकाच्या कामातून खुला केला. या एकाच विषयावर तीन समूहांनी मिळून एक पूर्ण सकाळ घालवता येईल.

तिसरी गोष्ट विनंतीपेक्षा थोडी अधिक आहे, आणि ती विद्यार्थ्यांविषयी आहे. कॅम्पस प्लेसमेंटच्या ताणाखाली असलेली मुले तुमच्याकडे येतात तेव्हा ती आधीच घाबरलेली असतात. आपण चुकीची भाषा तर निवडली नाही ना, ही धास्ती त्यांच्या मनात असते. ‘तुझी भाषा संपली’ हे वाक्य तुमच्या व्यासपीठावरून त्यांच्या कानावर पडले तर ती भाषा बदलत नाहीत, प्रश्न विचारणे बंद करतात. विशेषतः जी मुले एसटीने तीन तास प्रवास करून येतात, ज्यांच्या महाविद्यालयात विचारायला दुसरे कोणी नसते, त्यांच्या बाबतीत हे घडू देऊ नका. नवख्याच्या प्रश्नाला आधी उत्तर द्या, भाषेविषयीचे मत त्यानंतर सांगा, आणि हा क्रम मोडणाऱ्याला, मग तो कितीही ज्येष्ठ असो, संयोजक म्हणून तिथल्या तिथे थांबवा.

देवनागरीपुरते बोलायचे तर आपल्याला एकमेकांची गरज इतरांपेक्षा अधिक आहे. रस्टच्या अधिकृत पाठ्यपुस्तकात मजकुराच्या मोजणीचे उदाहरण म्हणून ‘नमस्ते’ हा शब्द देवनागरीत छापला आहे: बाइट अठरा, संकेतक्रमांक सहा आणि अक्षरे चार. ती चार अक्षरे म्हणजे न, म, स् आणि ते. मराठी वाचणारा माणूस इथे तीनच मोजेल, कारण ‘स्ते’ हे त्याच्या दृष्टीने एक जोडाक्षर आहे. अशी जोडाक्षरे अखंड धरण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत २०२३ मध्ये आला. तो कोणत्या भाषेच्या कोणत्या आवृत्तीत, कोणत्या लायब्ररीत पोहोचला आहे आणि कुठे अजून जुनीच मोजणी चालू आहे, हे तपासून एका जागी लिहून ठेवण्याचे काम मराठी प्रोग्रामर मंडळींनी केले नाही तर दुसरे कोणी आपणहून करणार नाही. ते एका समूहाच्या आवाक्यातले नाही. त्याला पायथनवाले लागतील, स्विफ्टवाले लागतील, जावावाले लागतील, पर्लमध्ये उरलेले आम्ही थोडे लोकही लागू.

म्हणून माझा प्रस्ताव असा की पहिली संयुक्त सभा याच विषयावर घ्यावी. प्रत्येक समूहाने आपल्या भाषेत ‘मराठी’, ‘नमस्ते’ आणि ‘ज्ञानेश्वर’ हे तीन शब्द मोजून आणावेत, पहिल्या दोन अक्षरांवर तोडून दाखवावेत आणि आलेले उत्तर तसे का आले ते सांगावे. सभागृह मिळवण्याची खटपट मी करतो. त्या विद्यार्थिनीशी माझे बोलणे झाले आहे; पुन्हा यायला ती तयार आहे आणि वाचनालयाच्या चिठ्ठ्यांचे नवे पान घेऊन येणार आहे. तारीख तुम्ही सर्वांनी मिळून ठरवावी, एवढे मात्र पाहावे की ती परीक्षांच्या आठवड्यात नसेल आणि तिची परतीची शेवटची गाडी चुकणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
पुण्यातील एक प्रोग्रामर